ढालमाशीचे पंख

एकेकाळी एक वृद्ध आचार्य सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या एका लहानशा गावात राहत असत. त्यांचे सारे आयुष्य कीटकांच्या वर्गीकरणात गेले होते. कोणता कीटक कोणाच्या नात्यातला, कोणत्या कुळातला आणि त्याला कोणत्या नावाने ओळखायचे, हे ठरवणारे ते शास्त्र. आपल्याकडे माणसांची कुळे उकरून काढणाऱ्यांना तोटा नाही. किड्यांची कुळे शोधणारा मात्र लोकांना जरा खुळा वाटतो. गाव आचार्यांनाही खुळेच समजत असे आणि त्यांना त्याचे काही वाटत नसे.

घराला लागून त्यांनी एक छोटे संग्रहालय केले होते. लाकडी खणांची कपाटे, प्रत्येक खणात टाचणीला टोचून ओळीने लावलेले कीटक आणि सगळीकडे भरून राहिलेला डांबराच्या गोळ्यांचा वास. शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी तिथे येत. आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच काम मिळे. आचार्य त्याच्यापुढे मिसळलेल्या कीटकांचा एक ट्रे ठेवत आणि म्हणत, "भुंगेरे एका बाजूला कर, माश्या दुसऱ्या बाजूला."

काम सोपे दिसे, पण त्या ट्रेमध्ये आचार्य एक ढालमाशी मुद्दाम मिसळून ठेवत. ही माशी असते माशीच, पण दिसते हुबेहूब भुंगेऱ्यासारखी. पाठीवर चकचकीत, फुगीर कवच असते आणि पंख त्याच्याखाली दडलेले असतात. भुंगेऱ्याचे कवच मात्र दोन झडपांचे असते आणि मधोमध एक सांधा असतो. त्या सांध्यावर झडपा उघडतात, खालून पंख बाहेर येतात आणि भुंगेरा उडतो. ढालमाशीच्या पाठीला असा सांधा नसतो. तिची ढाल अखंड असते. हे ठाऊक नसलेला जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी तिला भुंगेऱ्यांत टाकून मोकळा होई आणि आचार्य मिशीत हसत.

श्रीरंग नावाचा शिष्य आला तेव्हा मात्र आचार्यांना हसण्याची संधी मिळाली नाही. त्याने भिंग लावले, एक क्षण पाहिले आणि म्हणाला, "सर, ही भुंगेऱ्यांतली नाही. हिच्या पाठीला सांधाच नाही. माशी आहे ही." असा तल्लख विद्यार्थी फार वर्षांत आला नव्हता. आचार्यांनी त्या दिवशी घरात शिरा करायला सांगितला.

पुढच्या वर्षी विशाखा आली. तिने सगळा ट्रे वेगळा केला, पण ढालमाशी ना इकडे ठेवली ना तिकडे. ती मधेच तशीच राहिली.

"हिचं काय?" आचार्यांनी विचारले.

"मला ती अजून कळलेली नाही. कळेपर्यंत कुठेच ठेवणार नाही."

हे उत्तर आचार्यांना श्रीरंगच्या उत्तराहूनही अधिक आवडले होते. पण ते तिला काही बोलले नाहीत आणि त्या दिवशी शिराही झाला नाही. बोलायला हवे होते, असे ते पुढे वारंवार म्हणत.

विशाखा कमी बोलत असे आणि जे बोले ते कोरडे बोले. कोणाच्या कामाला तिने छान म्हटल्याचे कोणाला आठवत नव्हते. श्रीरंगच्या आईने एकदा बेसनाचे लाडू पाठवले, तेव्हा "साखर जास्त झाली" असे म्हणून तिने सर्वांदेखत दोन लाडू खाल्ले. सगळ्यांनी ते वाक्य लक्षात ठेवले, लाडू कोणी लक्षात ठेवले नाहीत. तिला शिष्ट म्हणत, घुमी म्हणत. श्रीरंगशी तिचे भांडण नव्हते, आणि मैत्री असल्याचेही कुणाला दिसत नव्हते. त्याचे भिंग तेवढे रोज सकाळी पुसलेले असे. कोण पुसते, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

श्रीरंगने अभ्यासासाठी ढालमाश्यांची एक प्रजाती निवडली. जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा गोतावळा म्हणजे शास्त्रात एक प्रजाती. ओढ्याकाठच्या ओल्या गवतात त्याने वर्षानुवर्षे जाळे फिरवले. या प्रजातीत त्याला दोन रूपे सापडली. एकीची ढाल निळी आणि फुगीर, दुसरीची तपकिरी आणि चपटी. दोघींत इतका फरक होता की त्या एका गोतावळ्यातल्या असणे त्याला अशक्य वाटू लागले. तपकिरी माश्यांची प्रजाती वेगळीच मानली पाहिजे, असे त्याने ठरवले. तसे सिद्ध झाले, तर त्या नव्या प्रजातीला नाव देण्याचा मान त्याचा होता. कीटक अभ्यासणाऱ्याला याहून मोठे काही हवे असते असे मला वाटत नाही. त्याचे पुढचे सारे त्यासाठी लिहिलेल्या निबंधावर अवलंबून होते.

निबंध छापायला धाडण्याआधी तो चार जाणत्यांसमोर वाचावा, अशी तिथली पद्धत होती. जवळच्या महाविद्यालयातून प्राध्यापक आले, जुने विद्यार्थी आले. श्रीरंगने सुरेख मांडणी केली, चित्रे दाखवली आणि माना डोलू लागल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून विशाखा उठली.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "दोन नाहीत, एकच आहे. निबंध पाठवू नकोस. थांब."

"पुरावा?" श्रीरंगने विचारले.

"अजून पूर्ण झालेला नाही."

कोणीतरी हसले. श्रीरंगचा चेहरा लाल झाला. इतक्या कष्टांचे काम, बाहेरचे लोक बसलेले, आणि ही उठून सरळ चूक म्हणते. तो बोलून गेला, "विशाखाचं हे भुंगेऱ्यासारखं आहे. वरून टणक, आत पोकळ!"

सभेत खसखस पिकली. विशाखा खाली बसली. ते वाक्य वाईट होते आणि शास्त्राला धरूनही नव्हते, कारण भुंगेरा आतून पोकळ नसतो. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते, तरी सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती श्रीरंगच्या टेबलापाशी आली. तिने एक किल्ली त्याच्या समोर ठेवली.

"मागच्या खोलीत बरण्या आहेत," ती म्हणाली. "मी घरी जातेय. कापूस ओला ठेव."

इतके बोलून ती गेली. जातानाही हुकूमच सोडून गेली, असे श्रीरंगला वाटले. त्याने किल्ली खणात टाकली आणि खण लावून घेतला. कसल्या बरण्या, हेही विचारले नाही.

आठवडा उलटून गेला, तरी विशाखा परत आली नाही. श्रीरंगचा राग या काळात निवण्याऐवजी मुरत गेला. तिच्या त्या एका शब्दामुळे प्राध्यापकांपैकी दोघे आता निबंधाबद्दल शंका काढू लागले होते. शेवटी तो आचार्यांकडे गेला. आचार्य बाहेरच्या ओट्यावर बसले होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे आत-बाहेर करणे अलीकडे जवळपास थांबले होते.

"सर, विशाखा मत्सरानं बोलली," तो म्हणाला. "तिला पुन्हा इथे घेऊ नका. ती येणार असेल, तर मला यायचं नाही. तुम्हीच काय ते ठरवा."

 आचार्य काठी टेकत उठले, नळाखालच्या ओल्या भिंतीपाशी गेले आणि बराच वेळ वाकून राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत एक जिवंत ढालमाशी होती. त्यांनी ती ओट्यावर सोडली आणि वर काचेचा पेला पालथा घातला.

"मला हिचे पंख दाखव," ते म्हणाले. "मग ठरवतो."

श्रीरंगला काही कळेना. हातातला प्रश्न कोणता आणि हे चालले आहे काय! तो म्हणाला, "सर, असं कसं दाखवू?"

"चिमटा देऊ? ढाल उचल आणि दाखव."

"ढाल उचलता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. तिला सांधा नसतो. जोर लावला तर ती मरेल."

"मग हिचे पंख कुणी पाहिलेच नाहीत म्हणायचं."

"पाहिलेत की. मीच पाहिलेत," श्रीरंग थोडा चिडून म्हणाला. "आपण गप्प बसायचं. हात लांब ठेवायचा. तिला भय वाटेनासं झालं की ती आपणहून पंख बाहेर काढते. ढालीच्या कडेखालून, अगदी सावकाश."

"किती वेळ बसावं लागतं?"

"काही सांगता येत नाही. पहिल्या वेळी मी आख्खी दुपार ओढ्याकाठी पालथा पडून होतो. अंगाला चिखल, मानेला मुंग्या. पण सर, पंख पाहिले आणि सगळ्याचं चीज झालं."

आचार्य त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माशीसाठी आख्खी दुपार. आणि विशाखासाठी?"

श्रीरंगची नजर ओट्याकडे वळली. पेल्याखाली ढालमाशी एका जागी दबून बसली होती. तिची निळी पाठ तेवढी दिसत होती.

"बाळा," आचार्य म्हणाले, "काही माणसांच्या कवचाला सांधा असतो. जरा थट्टा केली, जरा विचारलं, की ती उघडतात. तू तसा आहेस. तुझ्याशी कुणीही पाच मिनिटांत मैत्री करतं. पण काहींची ढाल अखंड असते. त्यांना बाहेरून कुणी उघडू शकत नाही, त्यांची इच्छा असली तरीही नाही. म्हणून त्या ढालीखाली पंखच नाहीत असं ठरवायचं का? तू त्या पहिल्या दिवशी एका क्षणात ओळखलंस की पाठीच्या चकाकीवरून जात ठरत नाही. तेच तुझं ज्ञान तुला माणसाच्या बाबतीत आठवलं नाही. आणि तुझं एकट्याचं कशाला बोलू? सभेत मी बसलो होतो. मला माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही."

"काय माहीत होतं?"

"विशाखानं माघातच माझ्याकडून मागची खोली मागून घेतली. तुझ्या निळ्या माश्यांतली एक मादी पकडून तिची अंडी तिनं बरण्यांत वाढवायला घेतली. म्हणाली, श्रीरंगच्या निबंधात एक जागा कच्ची आहे. तो छापल्यावर कुणी परकं माणूस ती दाखवील आणि याचं नाव कायमचं जाईल. आधी आपणच पाहू. खात्री होईपर्यंत त्याला सांगू नका, उगाच धास्तावेल. मी शब्द दिला. शब्द पाळला आणि पोरगी घालवली." आचार्य थांबले. "ती मागच्या दारानं येऊन बरण्या बघत असेल, अशा समजुतीत होतो. ती येत असेल ना?"

 "ती किल्ली देऊन गेली," श्रीरंग म्हणाला. "मला म्हणाली होती, कापूस ओला ठेव."

आचार्यांनी डोळे मिटले.

श्रीरंग धावत गेला. त्याने खणातून किल्ली काढली. मागच्या खोलीत खिडकीखाली बरण्यांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येकीत कुजलेल्या गवताचा थर आणि तोंडाशी कापसाचा बोळा होता. कापूस पार वाळून कडक झाला होता. पहिल्या रांगेतल्या बरण्यांना विशाखा भरपूर पाणी देत आली होती. त्यांतल्या माश्या ती होती तेव्हाच बाहेर आल्या होत्या आणि तिने त्या टोचून ठेवल्या होत्या. सगळ्या निळ्या, फुगीर. दुसऱ्या रांगेला तिने मुद्दाम बेताचीच ओल ठेवली होती. तिथे ती गेल्यानंतर माश्या बाहेर आल्या होत्या आणि पाणी न मिळाल्याने तळाशी मरून पडल्या होत्या. त्याने एक उचलून भिंगाखाली धरली. तपकिरी, चपटी. दुसरी उचलली. तीही तशीच. किती तरी कोशांमधून माश्या बाहेर पडल्याच नव्हत्या, आतच वाळून गेल्या होत्या.

आई एकच, अंडी एकाच वेळची. ओल मिळाली त्या निळ्या झाल्या, ओल कमी पडली त्या तपकिरी आणि चपट्या झाल्या. दोन प्रजाती नव्हत्या, दोन जातीही नव्हत्या. विशाखा म्हणाली होती ते खरे होते आणि पुरावा आता पूर्ण झाला होता. श्रीरंग त्या खोलीत जमिनीवर बसून रडला.

त्याने निबंध फाडला नाही. आचार्यांनी फाडू दिला नाही. तो पुन्हा लिहिला, प्रजाती एकच ठेवली, तपकिरी माश्यांच्या खणावर आधीच चिकटवलेले नवे नाव स्वतःच्या हाताने काढले आणि दोन्ही रूपे एका ओळीत लावली. निबंधावर आपल्या नावाआधी विशाखाचे नाव घातले आणि तो घेऊन तो तिच्या गावी गेला.

विशाखा तिच्या मामांच्या घरी होती. गावातल्या शाळेत तिने नोकरी धरली होती. तिने दार उघडले, त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. श्रीरंगने वाटेत पाठ केलेले सगळे बोलून टाकले. आपण जे बोललो ते नीच होते, असे तो म्हणाला. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं." त्याने निबंध पुढे केला. तिने पहिले पान पाहिले आणि परत दिले.

"माझं नाव काढ. मी आता ते काम करत नाही."

"का?"

तिने कोपऱ्यातला वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

पूर्वीचा श्रीरंग असता, तर त्याने वाद घातला असता, आर्जवे केली असती, बोलून बोलून तिला जेरीला आणले असते. आज त्याला पेल्याखालची ती निळी पाठ आठवली. तो गप्प बसला. मामी चहा देऊन गेल्या. विशाखा समोर शाळेच्या मुलांच्या वह्या तपासत बसली. ऊन अंगणातून सरकत कुंपणाशी गेले. शेजारची म्हैस घरी परतली. त्याने एक शब्दही काढला नाही. तिनेही त्याला जा म्हटले नाही.

शेवटची एस.टी. यायची वेळ झाली, तसा तो उठला. पायरी उतरला. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. इतका मऊ आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता.

"श्रीरंग, कापूस ओला ठेवलास ना?"

तो वळला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याला सगळे दिसत होते. बरण्यांजवळ काढलेल्या पहाटा, त्याच्या नावाची काळजी, आणि त्या जिवांतले काही वाचले असतील ही आशा. त्या क्षणी खोटे बोलणे फार सोपे होते.

"नाही," तो म्हणाला. "नाही ठेवला."

विशाखाने मान हलवली.  मग आत गेली आणि तिने दार हलकेच लावून घेतले.

त्यानंतर श्रीरंग दर वर्षी त्या गावी जाई आणि ओसरीवर बसून येई. पाणी मिळे, चहा मिळे. कधी चार शब्द पावसाचे, कधी शाळेचे. तो प्रश्न मात्र तिने पुन्हा विचारला नाही, आणि ती संग्रहालयातही कधी परतली नाही. तिच्यासारखी नजर असलेले माणूस त्या शास्त्राला पुन्हा मिळाले नाही, असे आचार्य शेवटपर्यंत म्हणत होते.

आता आचार्यांच्या जागी श्रीरंग बसतो. नवा विद्यार्थी आला की तो त्याच्यापुढे ट्रे ठेवत नाही. आधी त्याला मागच्या खोलीत नेतो, बरण्या दाखवतो, पाण्याचे भांडे हातात देतो आणि कापूस ओला करायला सांगतो. कीटकांना नावे ठेवण्याचे काम त्यानंतर सुरू होते. आपल्यालाही माणसांना नावे ठेवण्याची घाई असते. तेव्हा आपल्याकडे कुणी जाताना काय सोपवून गेले होते, एवढे तरी एकदा आठवून पाहावे.